दाराशी टेकवलेलं झाकण

दोन वर्षांनी घरी आलेली मुलगी आधी काय करते? आईच्या गळ्यात पडते, निदान बूट तरी काढते. माझ्या मुलीने माझी ताटली फोडली. साधीसुधी नव्हे, निळ्या काठाची, लग्नातली. फडताळ उघडलं, ताटली काढली, ताटलीच्या पाठीवर बरोबर आलेल्या सगळ्या शूटिंगवाल्यांच्या सह्या घेतल्या आणि कॅमेऱ्याच्या तिपाईवर दिली आपटून. बाकीचे टाळ्या वाजवतायत! मग एकेकाने तुकडा उचलला आणि चर्चमधली प्रसादाची भाकरी घ्यावी तसा जपून रुमालात बांधला.

"पहिल्या दिवशी ताटली फोडल्याशिवाय आमच्यात काम सुरू करत नाहीत, आई," ती म्हणाली. "आणलेली ताटली गाडीतच फुटली. फुटलेली परत कशी फोडणार?"

"मग त्या दिग्दर्शकाचं डोकं फोडायचं होतं. ते तर धड होतं ना?"

दुसऱ्या दिवशी तिच्या हातातून संवादांचे कागद खाली पडले. माणूस वाकतो, उचलतो. ही नव्या स्कर्टसकट माझ्या कोबीच्या पिंपाशेजारी जमिनीवर बसली, नेमकी त्या कागदांवर. पडलेल्या कागदांवर बसून मगच ते उचलायचे, नाहीतर भूमिका हातची जाते म्हणे. पन्नाशी उलटलेली बाई! शेजारची दूधवाली दारात उभी राहून बघत होती.

ताटली मी सोडून दिली. कागदही सोडून दिले. तिसरी गोष्ट मात्र सोडण्यासारखी नव्हती. जित्याजागत्या मुलीने माझ्या घरात, माझ्या देवाच्या कोपऱ्याखाली शवपेटीत झोपायचं ठरवलं होतं.

माझी मुलगी म्हणजे निनेल सावेल्येव्ना ओग्लोब्लिना. आता ओळखलंत. टीव्हीवर खेड्यातली नर्स होती ती, सात हिवाळे चालली ती मालिका. व्होल्गाकाठच्या आमच्या किनेश्मात बाजारातली बाई मला सुपाचं हाड देताना विचारायची, "उस्तिन्या प्रोखरोव्ना, त्या डॉक्टरशी ती लग्न करणार का हो?" मी म्हणायची, "मटण चांगलं दिलंस तर सांगते." मला काय ठाऊक! मलाही सोमवारची वाट बघावी लागायची.

नाव तिच्या बापाने ठेवलं. लेनिनचं नाव उलटं केलं की निनेल होतं, ते त्याला फार हुशारीचं वाटलं. घरात ती आमची नेल्का. माझा सावेली व्होल्गावरच्या मालवाहू बोटींवर इंजिन सांभाळायचा. मी गिरणीत मागावर. मी चौथीपर्यंत शिकले, मग युद्ध लागलं आणि पाचवीच्या वर्गात जखमी शिपायांच्या खाटा आल्या. नाटक-सिनेमा आमच्या दोघांच्या सात पिढ्यांत नव्हता. पण पोर पाच-सहा वर्षांची असताना स्वयंपाकघरात एकदा तिने आमच्या मुकादमासारखं चालून दाखवलं. पोट पुढे, हात मागे, आणि दर तीन पावलांनी नाक ओढणं. सावेली हसता हसता बाकावरून खाली पडला. मी हसले नाही. माझ्या अंगावर काटा आला. त्या चिमुरड्या अंगात तो जाडा माणूस खरोखरच शिरला होता. तो निघून गेला तेव्हा कुठे माझी नेल्का मला परत दिसली.

सतराव्या वर्षी ती मॉस्कोला गेली आणि हजार मुलींतून निवडली गेली. पहिल्या सिनेमात तिला काम किती? स्टेशनवर सफरचंदं विकणारी मुलगी, एवढंच. गाडी थांबते, एक सैनिक खिडकीतून पैसे देतो, ती सफरचंद पुढे करते, तेवढ्यात गाडी सुटते. बस. पण गाडी निघून जाते तरी ती हात पुढे धरून उभीच राहते. बोलत नाही, रडत नाही. आमच्या गिरणीची अख्खी पाळी तो सिनेमा बघायला गेली होती. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत बडबडणाऱ्या बायका, त्या एकदम गप्प झाल्या. माझ्या घरात अर्धी खाल्लेली सफरचंदं पलंगाखाली फेकणारी पोर ती, आणि तिने एका सफरचंदाने एवढं थिएटर मुठीत धरलं. सावेली रोजच्या रोज जाऊन बसायचा. शेवटी तिकीटवाल्या बाईने त्याच्याकडे तिकीट मागणंच सोडलं.

तो सावेली गेला तेव्हा नेल्का कुठे होती? दूर गवताळ प्रदेशात, कुठल्याशा घोड्यांच्या सिनेमात. तार पोचली, पण तिथून आठवड्याला एकच मोटार. ती आली तेव्हा प्रेत नेताना रस्त्यावर टाकलेल्या फरच्या झाडाच्या फांद्या झाडून झाल्या होत्या, जेवणासाठी मागून आणलेली शेजाऱ्यांची बाकं परत गेली होती. ती पायरीवर उभी राहिली, कानामागे सिनेमाचा रंग तसाच होता. मी तिला ताट वाढलं, एक शब्द बोलले नाही. पुढे मात्र बोलले. दर भेटीत बोलले. विसरू का द्यावं? बापाला पोचवायला माणूस एकदाच येऊ शकतो.

मग ते वाईट दिवस आले. देश मोडला, गिरणी बंद पडली, मॉस्कोच्या स्टुडिओत सिनेमांऐवजी परदेशी फ्रिज भरून ठेवले. माझी नेल्का, जिचं चित्र एके काळी आमच्या थिएटरवर घराएवढं लागलं होतं, ती तळघरातल्या खोलीत बसून परदेशी मालिकांतल्या बायकांना आपला आवाज देऊ लागली. मला कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी चुलीवर दूध ठेवलं होतं, टीव्ही चालू होता, आणि काळ्याभोर केसांची, हिऱ्यांच्या कुड्यांची कुणी बाई माझ्या लेकीच्या आवाजात रडायला लागली. "आई, मला क्षमा कर!"

दूध उतू गेलं. मी त्या बाईला मोठ्याने सांगितलं, "नाही करणार."

पण त्यानंतर रोज दुपारी टीव्ही लावला. तोंड त्या बाईचं, ओठ त्या बाईचे, आणि जीव माझ्या पोरीचा. बाई नुसतं बाहुलीसारखं तोंड हलवायची, रडायची ती माझी पोर. एकाच अंगात दोन माणसं कशी मावतात, हे मला अजून कळलेलं नाही.

तर आता हा नवा सिनेमा. दिग्दर्शक तिमूर झखारोविच, दाढीवाला, सभ्य माणूस, जेवायला बसला की तिसऱ्यांदा वाढून घेतो. गोष्ट नदीकाठच्या एका म्हातारीची. एकटी राहते, कोबी आंबवते, सगळ्यांशी भांडते आणि शेवटी मरते. नेल्कानेच त्याला म्हटलं, घर शोधू नका, माझ्या आईचं आहे. मी भाडं मागितलं नाही, छप्पर नीट करून घेतलं.

पहिल्या आठवड्यात मी अंगणात कोबी चिरत होते. बघते तर कुणी म्हातारी विहिरीवरून बादली घेऊन येतेय. एका बाजूला कलून, मालकिणीसारखी, कोंबड्यांना पायाने बाजूला सारत. मी ओरडले, "ए बये, हे कुणाचं अंगण समजतेस?"

ती वळली. ओठ घट्ट मिटलेले, एक भुवई वर. माझीच नजर माझ्यावर! सुरी हातातच राहिली. सुरकुत्या रंगाने काढता येतात, ते मला ठाऊक आहे. पण डावा गुडघा? एकदा मागाखाली सापडून धरलेला माझा डावा गुडघा तिच्या स्कर्टखाली कसा गेला?

"तू माझी टवाळी करतेस काय गं?"

"नाही आई," म्हातारी माझ्या लेकीच्या आवाजात म्हणाली. "जन्मभर बघत आले तुझ्याकडे. आता कुठे उपयोग झाला."

मी कोबीचा पुढचा गड्डा ओढून चिरायला घेतला.

म्हातारीच्या मरणाचा प्रसंग शेवटी ठेवला होता. त्याच्या आदल्या सकाळी नेल्का चहा घेऊन माझ्यासमोर बसली. जॅमची बशी माझ्याकडे सरकवली. काहीतरी मागायचं असलं की लहानपणापासून ती असंच करते.

"आई, उद्या मला पेटीत झोपायचंय. आशीर्वाद दे."

त्यांच्या धंद्यात आईचा किंवा पाद्रीबाबांचा आशीर्वाद घेतल्याशिवाय कुणी पेटीत पाऊल ठेवत नाही. तिच्या ओळखीची एक नटी हसत हसत तशीच झोपली होती आणि पुढचा हिवाळा तिने बघितला नाही, असं ती सांगायची. झोपून उठलेल्याला वोडकाची बाटली देतात, मरण धुऊन निघावं म्हणून.

"मेणाची बाहुली ठेवा," मी म्हटलं.

"तिमूरने बाहुली आणलीय. मीच नको म्हटलं. बाहुलीला तुझा चेहरा कुठून येणार?"

"बापाच्या पेटीजवळ उभी राहायला वेळ नव्हता तुला. आता स्वतः पेटीत झोपायला बरा वेळ आहे. देणार नाही आशीर्वाद."

तिचा चेहरा पांढरा पडला. ती खरंच घाबरली होती. नाटक असतं तर मला कळलं असतं. तिने चहा बाजूला सारला. मग म्हणाली, "मग तशीच झोपेन, आई. हे काम मी दुसऱ्या कुणाला देणार नाही."

दुसऱ्या दिवशी माझं घर मरणाचं घर झालं. आरशांवर चादरी टाकल्या. मोठ्या खोलीत बाकांवर पेटी ठेवली. रस्त्यावर वळणापर्यंत फरच्या फांद्या पसरल्या. पेटीचं झाकण बाहेर दाराशी उभं टेकवलं, आमच्याकडे टेकवतात तसं, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून. गल्लीतल्या बायकांना काळे रुमाल बांधून एकेक करून आत यायला सांगितलं होतं. मी चुलीमागच्या पडद्याआड, कॅमेरावाल्यांच्या पाठीशी उभी. नेल्का पेटीत गेली. जाताना माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं.

तिने डोळे मिटले, हात छातीवर ठेवले, आणि ती निघून गेली. मला दुसरा शब्द सापडत नाही. नाक आखडलं. ओठ आत ओढले. गालांतून कुणीतरी हळूच रक्त काढून न्यावं तसं झालं. काळ्या रुमालातल्या बायका हसत-कुजबुजत आत यायला लागल्या होत्या, पेटीपाशी पोचल्या आणि त्यांची तोंडं बंद झाली. मी माझं प्रेत बघत होते. आणि मला भीती वाटत होती ती माझ्यासाठी नव्हे.

तेवढ्यात बाहेर किंकाळी उठली.

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. फ्योक्ला येगोरोव्ना. गिरणीत तीस वर्षं माझ्या शेजारचा माग तिचा, आणि इथे माझ्या शेजारचं कुंपण तिचं. आमचं बोलणं मात्र तीन उन्हाळे बंद होतं. माझं करडं बदक नाहीसं झालं तेव्हा मी तिचं नाव घेतलं होतं, आणि ती म्हणाली होती, कोल्ह्याला विचार. शूटिंग सुरू व्हायच्या आधीच ती पलीकडच्या तीरावर भाचीकडे गेली होती. आजच बोटीने परतली. वळणावर आली तर पायाखाली फरच्या फांद्या, माझ्या दाराशी झाकण, आत काळे रुमाल. बाहेरच्या गाड्या दिसल्या असतील तर तिला वाटलं असेल, नेल्काबरोबर आलेली मॉस्कोची माणसं. दारात उभ्या शूटिंगवाल्या पोरीला वाटलं, आणखी एक गल्लीतली बाई. तिने वाट सोडली.

फ्योक्लाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ती काठी टाकून सरळ पेटीवर कोसळली.

"उस्तिन्ये! अगं हट्टी बाई, मला न सांगता गेलीस? एवढी घाई कसली होती? मी उद्या येणारच होते गं तुझ्याकडे! तीन उन्हाळे रोज म्हणत होते, उद्या जाईन, उद्या जाईन..."

मी पडद्याला हात घातला. तिमूरने न वळता माझ्यासमोर तळहात धरला. मी तो उडवून लावला असता, पण मग उमगलं. मी आता बाहेर गेले तर फ्योक्ला समोर चालतं मढं बघेल. ऐंशीला टेकलेली बाई, जागच्या जागी जीव सोडेल. बाहेर जाता येत नव्हतं. आणि पेटीतल्या माझ्या पोरीलाही उठता येत नव्हतं.

"तुझं ते बदक," फ्योक्ला हुंदक्यांतून म्हणाली, "देवा, मला माफ कर, ते मीच खाल्लं! माझ्या वाफ्यांत शिरलं होतं. आणि काय मेलं चिवट, दिवसभर उकळलं तरी शिजेना, अगदी तुझ्यासारखं!"

मी रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. ऐंशी वर्षांत मी एवढी गप्प कधी बसले नव्हते. आणि नेल्का? तिची पापणीसुद्धा हलली नाही. फ्योक्ला तिच्या छातीवर मुठीने बुक्के मारत होती, तिचे अश्रू नेल्काच्या मिटल्या डोळ्यांवर पडून कानाकडे ओघळत होते. माझी जिवंत पोर मुंगी चावली तर अख्खं घर डोक्यावर घ्यायची. ही दगड होती. छाती वर-खाली होताना मी बघायला गेले, दिसली नाही. क्षणभर मला खरंच वाटलं, मी आशीर्वाद दिला नाही आणि झालं ते झालं.

फ्योक्लाचा आवाज खाली आला. आता ती रडत नव्हती, माझ्याशी बोलत होती, पाळी सुटल्यावर चालता चालता बोलायची तशी.

"आपलं ठरलं होतं ना गं? आधी मी जायचं, आणि मला तू न्हाऊ घालायचं. परक्या हातांना शिवू देणार नाहीस म्हणाली होतीस. आता मला कोण न्हाऊ घालेल, उस्तिन्ये? कुणाच्या हाती सोडून गेलीस?"

गल्लीतल्या बायका उघड रडत होत्या, खरं काय ते ठाऊक असून. दाढीवाला तिमूर रडत होता. कॅमेऱ्यातली फिल्म संपल्याचा खटका मला ऐकू आला. काम झालं होतं. नेल्कानेही तो ऐकला असणार, चाळीस वर्षं तिने तोच ऐकलाय. आता ती श्वास घेऊ शकत होती, खोकू शकत होती. तिने काही केलं नाही. पडून राहिली. फ्योक्लाने तिच्या हनुवटीखालची रुमालाची गाठ चाचपली, सोडली, आणि मी बांधते तशी कानाशी घट्ट बांधली. कपाळावर ओठ टेकले. मग दारातल्या त्या पोरीने फ्योक्लाला खांद्याला धरून हळूहळू बाहेर नेलं, दूर कोपऱ्यावरच्या बाकावर बसवलं, पाणी पाजलं. तोवरही माझी मुलगी मेलेलीच होती. कॅमेऱ्यासाठी नव्हे. सिनेमासाठी नव्हे. एका अर्धवट आंधळ्या म्हातारीचा जीव घाबरा होऊ नये म्हणून.

ती पोर आता फ्योक्लाला खरं सांगणार, म्हणून आम्ही सगळे कान देऊन उभे. मग बाहेरून आवाज आला, अख्खी गल्ली हलली.

"जिवंत? ती अवदसा जिवंत आहे?" आणि जरा थांबून, "मग माझं बदकाचं ऐकलं तिने?"

खोलीत कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, एकमेकांना मिठ्या मारायला लागले. तिमूर बाटली घेऊन पुढे झाला. मी त्याला कोपराने बाजूला केलं.

पेटीजवळ गेले. नेल्काने डोळे उघडले होते, पण उठली नव्हती. ओठांच्या कोपऱ्यात रक्ताचा बारीक ठिपका होता. आतून गाल चावून धरला होता तिने, सगळा वेळ. माझाच चेहरा, माझाच रुमाल, आणि त्यातून वर बघणारे तिच्या बापाचे डोळे.

"गेली का आई ती? बरी आहे ना?"

"शिव्या देतेय. म्हणजे बरी आहे."

"मी आशीर्वाद न घेता झोपले," ती हळूच म्हणाली.

देवाच्या कोपऱ्यातली तसबीर मी खाली घेतली. ऐंशी वर्षांच्या हातांनी नीट क्रूस काढला नेल्कावर, कपाळापासून पोटापर्यंत, खांद्यापासून खांद्यापर्यंत. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"बापाच्या वेळेला तू उशिरा आलीस, नेल्के. माझ्या वेळेला माझ्याही आधी येऊन झोपलीस. फिटलं. ऊठ आता, ती जागा माझी आहे."